धावत्या पाण्यातली कयाक : नवशिक्याने कोणती घ्यावी?



कोलाडला कुंडलिकेच्या धारेत राफ्ट चालवणाऱ्यांत आपल्या आसपासच्या गावांतली पोरेही आहेत. तिथेच त्यांना एकट्या माणसाने दुपाती वल्ह्याने हाकायची चिंचोळी नाव दिसते. तिला कयाक म्हणतात. मग एखाद्याच्या मनात येते, आपली स्वतःची एक असावी. गाठीचे पैसे घेऊन तो जुनी कयाक पाहायला निघतो आणि जाताना वडिलांना किंवा गुरुजींना विचारतो, ‘घेऊ का?’ आजचे बोलणे या वडिलांसाठी आणि गुरुजींसाठी आहे. नाव चुकली तर पैसे तर जातातच, पण प्रसंगी पोरगा पाण्याखाली अडकतो.

आधी नदी पाहू. एरवी कोकणातल्या नद्या उन्हाळ्यात आटतात, मग कुंडलिकेला मे महिन्यातही धार कशी? हे पाणी मुळात घाटमाथ्यावरच्या मुळा नदीचे. मुळशीचे धरण बांधून ते सह्याद्रीच्या पोटातून भिऱ्याला उतरवले, आणि तिथले वीजकेंद्र १९२७ साली सुरू झाले. (ज्यांच्या जमिनी त्या धरणात गेल्या, त्यांच्यासाठी सेनापती बापटांनी सत्याग्रह केला, तीही याच पाण्याची कथा.) वीज करून झालेले पाणी खाली सुटते तेव्हा नदी धावते, पाणी थांबले की तळचे धोंडे वर येतात. म्हणून ही नाव धोंड्यावर आपटणार, हे धरूनच चालावे.

आता पेणकर म्हणतील, आमच्या धरमतरच्या खाडीत चालेल अशीच घेऊ, दोन्हीकडे उपयोग होईल. तसे होत नाही हो. खाडीच्या, समुद्राच्या कयाका चार-पाच मीटर लांब असतात. त्या सरळ रेषेत छान जातात, पण झटकन वळत नाहीत. धोंडा समोर आला आणि नाव वळली नाही, तर पाणी तिला त्याच धोंड्यावर आडवी दाबून धरते. धारेची कयाक आखूड, साधारण अडीच मीटरची, आणि दोन्ही टोकांना केळ्यासारखी वर उचललेली हवी.

ही नाव मूळची उत्तर ध्रुवाकडच्या इन्युइट लोकांची. लाकडी सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून ते ती करीत, आणि माप घेत ते ज्याची नाव त्याच्याच अंगाचे: त्याची वाव, त्याची कंबर, त्याची मूठ. आज नाव कारखान्यात होते, पण हिशोब तोच आहे. पहिला प्रश्न रंगाचा नाही, किंमतीचाही नाही. बसणाऱ्याचे वजन किती?

गुरुजी, इथे आर्किमिडीज कामाला येतो. पोरगा ६५ किलो, नाव २० किलो, हेल्मेट, लाइफ जॅकेट वगैरे धरून ५ किलो. झाले ९० किलो. म्हणजे नावेचा ९० लिटर भाग पाण्यात बुडणार. नाव २४० लिटरची असेल तर १५० लिटर शिल्लक. लाट अंगावर कोसळली की हीच शिल्लक नावेला पुन्हा वर आणते. काही कयाका १८०-१९० लिटरच्या, चपट्या टोकांच्या असतात. त्या लाटेवर कसरती करण्यासाठी. पोरांना त्याच आवडतात, आणि नवशिक्याला त्याच पालथ्या घालतात. उलट, थोरल्या धिप्पाड भावाची मोठी नाव ४५ किलोच्या धाकट्याला दिली, तर ती पाण्यावर पानासारखी भरकटते; त्याच्याने ती कलंडवून वळवता येत नाही. शिकणाऱ्या ६०-७० किलोच्या माणसाला २२० ते २७० लिटरपर्यंतची, कडा फार धारदार नसलेली नाव बरी.

मग बसून पाहावे. पाय पुढच्या आधाराला टेकावेत, मांड्या वरच्या पट्टीखाली बसाव्यात, कंबर दोन्हीकडून धरली जावी. नवी चप्पल पायाला बसते तशी. पण बाहेर पडणे सोपे हवे. कमरेभोवतीचे रबरी झाकण लावून, डोळे मिटून, पुढचा फासा ओढायचा आणि निघायचे. आधी जमिनीवर, मग छातीभर संथ पाण्यात, जाणकार माणूस शेजारी उभा असताना. हे जमेपर्यंत धारेचे नाव काढू नये.

जुनी नाव असेल तर उलटी करून तळ पाहा. गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या घडवतात, त्याच रीतीने हे प्लास्टिक घडवलेले असते आणि उन्हाने तसेच कडक होते. ओरखडे असायचेच, त्यांना भिऊ नका. बैठकीखाली अंगठ्याने दाबा. तिथे फार पातळ लागले, किंवा बारीक तडा दिसला, तर घेऊ नका. डाग देऊन जोडलेला तडा धोंड्यावर पुन्हा उकलतो. दोन्ही टोकांच्या कड्या ओढून पाहा. बुडणाऱ्याला धरायला तेवढेच असते. आत हवेच्या पिशव्या आहेत का, हेही विचारा.

आणि पैसे मोजकेच असतील तर? आधी हेल्मेट आणि अंगाला नीट बसणारे लाइफ जॅकेट घ्यावे, नाव एखादा हंगाम भाड्याने वापरावी. चार वेगवेगळ्या नावांत बसल्यावर पोरगा स्वतःच सांगेल, कोणती आपली. पावसाळ्यातले पहिले शिक्षण मात्र नको. जुलै-ऑगस्टची कुंडलिका नवशिक्याची नव्हे.

कोलाडकडे पाणी बहुतेक सकाळी सुटते आणि ते एकाएकी चढते, तेव्हा वेळ तिथल्या माणसांना विचारूनच काठावर उतरा. नाव विकणाऱ्याला सांगा, पैसे देण्याआधी डोहात अर्धा तास बसून पाहतो. तो नाही म्हणाला, तर दुसरीकडे पाहा.