कुमुदताईंच्या नागपुरात



स्वागत समितीच्या वतीनं सक्करदऱ्यात तुम्हा सर्वांचं मनापासून स्वागत करते.

बाहेरगावच्या पाहुण्यांना आमची वस्ती थोडक्यात सांगते. इथं तलाव आहे, भोसल्यांचा वाडा आहे, सरकारी आयुर्वेद महाविद्यालय आहे आणि बुधवारचा बाजार आहे. १९०८ साली राजे रघुजीराव भोसल्यांनी सूफी संत ताजुद्दीन बाबांना वेड्यांच्या इस्पितळातून सोडवून इथल्या वाड्यात आणलं. जगानं वेडा ठरवलेल्या माणसाला ज्या वस्तीनं ओसरी दिली, त्या वस्तीत आज आपण जमलो आहोत, याचा मला अभिमान आहे.

इथून पुढं जाणारा रस्ता उमरेडला जातो. जाईबाई चौधरी त्या उमरेडच्या. दुष्काळात कुटुंब नागपूरला आलं आणि जाईबाई हमाली करू लागल्या. नागपूर-कामठी अशी डोक्यावरून ओझी वाहिली. एका मिशनरी बाईंच्या मदतीनं त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या. पण अस्पृश्य बाई आपल्या मुलांना शिकवते हे कळताच पालकांनी शाळेवर बहिष्कार टाकला आणि नोकरी गेली. मग त्यांनी चोखामेळ्याच्या नावानं मुलींची शाळा स्वतःच काढली. १९३७ साली याच शहरात अखिल भारतीय महिला परिषदेचं अधिवेशन भरलं होतं. देशभरातल्या शिकलेल्या, सुधारक म्हणवणाऱ्या स्त्रिया आल्या होत्या आणि जेवणाच्या वेळी जाईबाईंना वेगळं बसवलं गेलं. त्यांनी ते गिळून टाकलं नाही. १ जानेवारी १९३८ रोजी स्त्रियांची सभा भरवून त्यांनी जाहीर निषेध केला.

यजमानपण स्वीकारताना आमच्या समितीनं हा प्रसंग पहिल्याच बैठकीत वाचला. पाहुण्याला बोलावून त्याचा अपमान करता येतो, तोही परिषदेच्या मांडवात, हे या शहरानं पाहिलेलं आहे. पुढं चारच वर्षांनी, २० जुलै १९४२ रोजी, दलित स्त्रियांनी स्वतःची अखिल भारतीय परिषद नागपुरातच भरवली. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या, कीर्तीबाई पाटील स्वागताध्यक्ष. बाबासाहेब आंबेडकरांसमोर वीस-पंचवीस हजार बाया बसल्या होत्या. कीर्तीबाईंनी जे काम केलं तेच काम आज माझ्याकडे आलं आहे, या जाणिवेनं माझी मान नम्र होते.

आता ज्यांच्या आठवणीत हे संमेलन भरवलं, त्या कुमुदताई पावडे यांच्याविषयी. १९३८ साली नागपुरात जन्मलेल्या, १९५६ची धम्मदीक्षा ऐन तारुण्यात पाहिलेल्या आणि २०२३ साली आपल्यातून गेलेल्या कुमुदताई. त्यांचं ‘अंतःस्फोट’ हे पुस्तक १९८१ साली आलं. दलित स्त्रीच्या आत्मकथनांची जी मोठी रांग पुढं मराठीत लागली, शांताबाई कांबळे, बेबीताई कांबळे, ऊर्मिला पवार, त्या रांगेच्या आरंभी हे पुस्तक उभं आहे.

त्यातला ‘माझ्या संस्कृतची कथा’ हा लेख तुमच्यापैकी अनेकांनी वाचला असेल. लहानपणी ब्राह्मण मैत्रिणीच्या घरच्या मुंजीत मंत्र चालू होते आणि ही सोमकुवरांची कुमुद रस्त्यावर उभी राहून ऐकत होती. तिला तिथून हिडीसफिडीस करून घालवून दिलं. जे ऐकू दिलं नाही तेच मी शिकेन, ही जिद्द तिथून सुरू झाली. शाळेत गोखले गुरुजी भेटले. पेहराव आणि वळण पाहून हे आपल्याला शिकवतील का, अशी तिला धास्ती होती. गुरुजींनी मात्र भेद न करता शिकवलं. त्यांचं नाव कुमुदताईंनी जन्मभर आदरानं घेतलं. अन्याय लिहिणारी लेखणी चांगुलपणाही तितक्याच नेमकेपणानं नोंदवते, हे मला फार मोठं वाटतं. एम.ए.ला गेल्यावर उलटा अनुभव आला. नावाजलेल्या विद्वानांनाच या मुलीचं संस्कृत शिकणं रुचत नव्हतं. पदवी मिळाली, नोकरी मिळेना. तिनं थेट दिल्लीला केंद्रीय मंत्री जगजीवनराम यांना लिहिलं. कौतुक झालं, नोकरी झाली नाही. मोतीराम पावडे यांच्याशी आंतरजातीय लग्न झालं, आडनाव बदललं आणि मग सरकारी महाविद्यालयात संस्कृत शिकवायची जागा मिळाली. तीच बाई, तीच पदवी. कुमुद सोमकुवरला जे नाकारलं ते कुमुद पावडेला दिलं गेलं, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं.

पण त्या लेखाची सुरुवात अपमानापासून होत नाही, सत्कारापासून होते. ‘दलित बाई आणि संस्कृत!’ असं म्हणून लोक भारावतात, हार घालतात, आणि त्या आश्चर्यातच कुमुदताईंना जात ऐकू येते. शिवी ओळखणं सोपं असतं. कौतुकातली शिवी ओळखायला आणि ती सांगायला त्यांच्यासारखी बाई लागते. या एका निरीक्षणासाठी मी त्यांना मराठीतल्या पहिल्या रांगेतल्या निबंधकारांत बसवते. त्या केवळ सोसलेल्याच्या साक्षीदार नव्हत्या. पुस्तकानंतर त्या दलित स्त्रियांच्या संघटनांमध्ये राबल्या, सभांमधून बोलत राहिल्या, आणि स्त्रीमुक्तीच्या व्यासपीठावर जातीचा प्रश्न मांडायला कधी कचरल्या नाहीत.

म्हणून आमचं स्वागत कसं असावं, यावर आम्ही पुष्कळ बोललो. इथं येणाऱ्या कुणाही लेखिकेची ओळख करून देताना ‘अशा परिस्थितीतूनही’ असं आम्ही म्हणणार नाही. निवेदकांना तशी सूचना दिलेली आहे. ओळख पुस्तकांची होईल. प्रत्येक परिसंवादाचा अध्यक्ष त्या सत्रातल्या लेखिकांची पुस्तकं वाचून आलेला आहे. तो आमचा निमंत्रणाचा पहिला निकष होता. दुपारच्या जेवणाला मान्यवरांसाठी वेगळं दालन नाही. व्यासपीठावरचे आणि समोरचे एकाच पंगतीत बसतील, वाढायला स्वागत समिती असेल.

आणि एक विनंती. परत गेल्यावर आपल्या गावच्या वाचनालयात ‘अंतःस्फोट’ आहे का ते पाहा. नसेल तर मागणीच्या वहीत त्याचं नाव लिहा आणि महिन्यानं पुन्हा विचारायला जा.

संमेलनाध्यक्षांनी आता सूत्रं हाती घ्यावीत, अशी विनंती करते. जय भीम.