लाइट गेली तरी मेसेज राहिला पाहिजे

आज बोलतोय कैनाडहून, डहाणू तालुक्यातल्या माझ्या गावातून. इथं वर्क फ्रॉम होम म्हणजे लाइट आणि नेटवर्क, दोघांची मर्जी सांभाळणं. म्हणून आजचा विषय: रॅबिटएमक्यू आपल्याच लॅपटॉपवर, डॉकरमध्ये.

मेसेज क्यू म्हणजे काय? समजा, वाडीतले चिकूचे क्रेट शेडमध्ये आणून ठेवले. टेम्पो आला की उचलतो. तोडणारा टेम्पोसाठी थांबत नाही, टेम्पोवाला तोडणाऱ्यासाठी थांबत नाही. ती शेड म्हणजे क्यू. कल्पना जुनीच आहे. मुंबईत जन्मलेल्या विवेक रणदिवे यांनी १९८० च्या दशकात याच जातकुळीची 'इन्फर्मेशन बस' वॉल स्ट्रीटवर नेली. रॅबिटएमक्यू आलं २००७ मध्ये.

मग डॉकर कशाला? रॅबिटएमक्यू एर्लंग भाषेत लिहिलंय. डॉकर असलं की एर्लंग वेगळं टाकायला नको, व्हर्जनची भानगड नको. इमेज घेताना 'मॅनेजमेंट' टॅगवाली घ्या. पोर्ट ५६७२ तुमच्या ॲपसाठी, १५६७२ ब्राउझरमधल्या स्क्रीनसाठी. युजरनेम 'गेस्ट', पासवर्डही 'गेस्ट'. हे सगळ्या जगाला माहीत आहे, म्हणून पोर्ट १२७.०.०.१ लाच बांधा. नाहीतर त्याच वायफायवरचा कोणीही आत येईल.

आता मुद्द्याचं. लाइट गेली, बॅटरी संपली, लॅपटॉप बंद. क्यूमधल्या मेसेजचं काय? ते टिकायला चार गोष्टी लागतात.

एक: क्यू 'ड्युरेबल' हवी आणि मेसेज 'पर्सिस्टंट'. दोन्ही हं, एकाने भागत नाही.

दोन: डेटाच्या फोल्डरला नाव दिलेला व्हॉल्यूम जोडा. नाहीतर कंटेनर काढून नवा केला की क्यू रिकामी.

तीन: कंटेनरला होस्टनेम ठरवून द्या. रॅबिटएमक्यू आपला डेटा नोडच्या नावाने ठेवतं, आणि ते नाव होस्टनेमवरून बनतं. होस्टनेम दिलं नाही तर प्रत्येक नव्या कंटेनरला नवं नाव मिळतं. व्हॉल्यूम तोच, पण जुना डेटा दिसत नाही. यात भलेभले अडकतात.

चार: काम पूर्ण झाल्यावरच 'ॲक', म्हणजे पोच, द्या. कंझ्युमर मध्येच मेला तर मेसेज परत रांगेत येतो. पाठवणाऱ्या बाजूला 'पब्लिशर कन्फर्म' चालू ठेवा.

आणि डेटा पॅक संपत आला असेल तर? इमेज एकानेच डाउनलोड करायची. 'डॉकर सेव्ह'ने फाइल बनवायची, पेन ड्राइव्हवर टाकायची. दुसऱ्याने 'डॉकर लोड' करायचं. पाचजण शिकणार असतील तर डाउनलोड एकदाच.

क्लाउडचं खातं नाही, क्रेडिट कार्ड नाही, तरी हे सगळं शिकता येतं. आजच करून बघा: क्यूत दहा मेसेज टाका, कंटेनर काढा, परत चालू करा आणि मोजा. दहाच्या दहा आले तर समजा, जमलं.

भेटू पुढच्या भागात!