वधूच्या हातातले फूल



आत्ताच चिटणिसांनी आमच्या हाती हा पुष्पगुच्छ ठेवला. अध्यक्षांचे प्रास्ताविक चालू असताना आम्ही तो जरा न्याहाळत होतो. चार जरबेरा, दोन गुलाब, निशिगंधाच्या काही काड्या, भोवती चकचकीत कागद आणि खाली पाणी धरून ठेवणारा हिरवा स्पंज. जरबेऱ्याची मान लवकर मोडते म्हणून प्रत्येक देठाला तार गुंडाळली आहे. चार फुले आणि चार तारा. ज्या हातांनी त्या गुंडाळल्या ते कोणाचे, हे चिटणिसांना विचारून उपयोग नाही, आणि दुकानदाराला विचारले तर तो आमच्याकडे संशयाने पाहील.

बाहेरच्या फळ्यावर आमच्या नावापुढे 'वधूचा पुष्पगुच्छ आणि त्याला पर्याय' असा विषय वाचून काही मंडळींना वाटले असेल की लिहिणाऱ्याने दोन दिवसांचे वक्ते उलटसुलट केले. तसे नाही. विषय आम्हीच दिला. पगारवाढ, बोनस आणि टाळेबंदी यांवर आम्ही आयुष्यभर बोलत आलो. पण गेल्या वर्षी एका मुलीने आम्हाला असा एक प्रश्न विचारला की त्याचे उत्तर शोधायला आम्हाला वाचनालयाच्या पायऱ्या पुष्कळ दिवस झिजवाव्या लागल्या.

ही मुलगी वसई तालुक्यातली. तिचे वडील आमचे जुने सहकारी, यंत्रशाळेत फिटर. घराणे ख्रिस्ती. वसईचा ख्रिस्ती समाज घरात आपली बोली बोलतो, देवळात मराठीतून प्रार्थना म्हणतो, आणि त्याच्या लग्नात वधू हातात फुलांचा गुच्छ धरून वेदीपर्यंत चालत जाते. आपल्याकडे इतरांच्या लग्नात वधूच्या हाती हार असतो, कपाळाला मुंडावळ्या असतात. गुच्छ हा आहेरवाल्यांचा, आणि तोही नको म्हणून पत्रिकेच्या तळाशी ओळ छापलेली असते. ख्रिस्ती वधूची गोष्ट वेगळी. तिच्या फोटोत तो गुच्छ जन्मभर राहतो.

लग्न जानेवारीत ठरले, आणि ऑक्टोबरात कारखान्याला टाळे लागले. शहरातल्या एका दुकानाने गुच्छाचा जो भाव सांगितला तो बापाच्या बारा दिवसांच्या मजुरीएवढा होता. आणि मजुरी तर बंद. त्यात गुलाब पॉलिहाऊसमधले, ऑर्किड कुठून तरी लांबून आलेली. आणि हे कोणत्या गावात? जिथला सोनचाफा आणि मोगरा पहाटेच्या गाडीने दादरच्या फुलबाजारात जातो, त्या गावात! ज्या आयाबायांनी पहाटे उठून फुले खुडायची, त्यांच्याच लेकीने शहरातून फुले विकत आणायची. आम्ही त्यांच्या ओटीवर बसून आमच्या सवयीप्रमाणे भाषण ठोकले. म्हणालो, "पोरी, गुच्छाशिवाय लग्न लागत नाही असे बायबलात कुठे लिहिले आहे?"

ती म्हणाली, "काका, झेंड्याशिवाय मोर्चा निघत नाही असे तुमच्या पुस्तकात तरी कुठे लिहिले आहे?"

आम्ही चहा संपवला आणि उठलो. उत्तर नव्हते.

मग वाचायला लागलो. आमचे शिक्षण सातवीपर्यंत. पुढचे जे काही आहे ते वाचनालयाच्या वर्गणीवर झालेले आहे, तेव्हा पंडितांनी चूकभूल द्यावी घ्यावी. पहिली गोष्ट अशी सापडली की ज्याला आज 'पारंपरिक' गुच्छ म्हणतात, तो बांधीव, मोठा, पांढरा गुच्छ फार जुना नाही. त्याची रीत मुख्यतः एकोणिसाव्या शतकातली, इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीच्या काळातली. त्याआधीच्या वधू फुले वापरीत नसत असे नव्हे. प्राचीन रोमची वधू फुलांचे आणि पवित्र वनस्पतींचे लहानसे कडे आपल्या वस्त्राखाली घालीत असे, आणि जुन्या रोमन कोशात त्याबद्दल नोंद आहे की ती फुले तिने स्वतः वेचलेली असत. हे वाचून आम्ही पुस्तक मिटले आणि थोडा वेळ तसेच बसलो. दोन हजार वर्षांपूर्वीची मुलगी सकाळी उठून शेताच्या बांधावर फुले वेचते आहे हे चित्र डोळ्यांपुढे आले.

इंग्लंडात रोझमेरी नावाची सुवासिक वनस्पती लग्नात असे. आठव्या हेन्रीची चौथी राणी ॲन ऑफ क्लीव्ह्ज हिने 1540 साली लग्नात सोन्याच्या मुकुटात रोझमेरीच्या डहाळ्या खोवल्या होत्या. गव्हाच्या ओंब्याही वधूच्या माळेत गुंफीत. आपल्याकडे ओटीत तांदूळ घालतात, त्यामागची भावना काही निराळी नाही. म्हणजे ज्याला आज कोणी 'नवा पर्याय' म्हणून दाखवतो, ती धान्याची लोंबी, ती घराजवळची डहाळी, गुच्छापेक्षा वयाने कितीतरी थोर आहे.

व्हिक्टोरिया राणीचे लग्न 10 फेब्रुवारी 1840 रोजी झाले. तिच्या डोक्यावर संत्र्याच्या जातीच्या फुलांची माळ होती, आणि तिथून त्या फुलांचे वेड साऱ्या युरोपभर पसरले. आमचे लक्ष मात्र तिच्या वस्त्रावरच्या लेशीकडे गेले. यंत्राची लेस निघाल्यावर डेव्हन परगण्यात हातांनी लेस विणणाऱ्या बायांच्या पोटावर पाय आला होता. राणीने मुद्दाम त्यांच्याकडून लेस विणवून घेतली, आणि बीअर नावाच्या लहानशा गावात नि आसपास सुमारे दोनशे बाया कित्येक महिने त्या कामावर होत्या. राणीला आम्ही पुढारी मानीत नाही. पण नटण्यासाठी केलेला खर्च कोणाच्या चुलीपर्यंत पोचावा याचा विचार तिने केला होता, एवढे कबूल केले पाहिजे. पुढे 1858 साली तिच्या थोरल्या मुलीच्या गुच्छात मर्टल नावाच्या झुडपाची डहाळी होती. ते झुडूप राणीच्या ऑस्बोर्न येथील बागेतले. तेव्हापासून आजतागायत, 2011 आणि 2018 सालच्या लग्नांतसुद्धा, त्या घराण्यातल्या वधूंच्या गुच्छांत मर्टल असते. सगळा गुच्छ माळ्याने बांधलेला, पण लोकांना आठवते ती घरच्या झाडाची एवढीशी डहाळी.

आता पर्यायांतला जो सर्वांत खपाऊ, त्याबद्दल जरा थांबून बोलावे लागेल. संत्र्याची फुले थंड मुलखात कुठून मिळणार? म्हणून मेणाची फुले आली, कापडाची आली. फ्रान्समध्ये वधूची मेणफुलांची माळ लग्नानंतर काचेच्या घुमटाखाली दिवाणखान्यात जपून ठेवीत. फूल कोमेजत नाही, पुन्हा पुन्हा घ्यावे लागत नाही; मग त्यात वाईट काय? ते कळण्यासाठी लंडनला जावे लागेल. 1861 साली तिथे मटिल्डा शूरर नावाची एकोणीस वर्षांची मुलगी खोट्या फुलांच्या कामावर होती. कृत्रिम पानांवर हिरवी भुकटी फुंकायची, हे तिचे काम. त्या हिरव्या रंगात तांबे आणि सोमल होते. ती त्या नोव्हेंबरात मेली. मरताना तिला हिरव्या वांत्या झाल्या, डोळ्यांतला पांढरा भाग हिरवट झाला, आणि जे दिसते ते सगळे हिरवे दिसते असे ती म्हणत होती. पुढच्या वर्षी हॉफमन या रसायनशास्त्रज्ञाने हिशेब मांडला की डोक्यात माळायच्या अशा पानांच्या एका शिरोभूषणात वीस माणसांना मारण्याइतका सोमल असतो. नाचाच्या मजलिशीत ते डोक्यात घालून बाया गिरक्या घेत होत्या.

समुद्रापार न्यूयॉर्कमध्येही तेच. विसाव्या शतकाच्या आरंभी तिथल्या चाळींत इटलीहून आलेली कुटुंबे घरी बसून कागदाची आणि कापडाची फुले बनवीत. दिव्याखाली आई, आजी आणि लहान मुले देठाला पाकळ्या चिकटवीत. लुईस हाइन या छायाचित्रकाराने ती मुले टिपली, आणि मेरी व्हॅन क्लीक या बाईने 1913 साली या धंद्यावर सबंध पुस्तक प्रसिद्ध केले. घरकामाची मजुरी ही काय चीज असते ते आपल्या शहरातल्या विडी वळणाऱ्या आणि पापड लाटणाऱ्या भगिनींना सांगायला नको. नग मोजायचे, तास मोजायचे नाहीत.

आज तीच फुले प्लास्टिकची झाली आहेत. आपल्या झेंडू-शेवंतीच्या शेतकऱ्यांची तक्रार आहे की या फुलांनी त्यांचा भाव मारला. ती तक्रार खरी आहे. पण खऱ्या फुलाचे नाव घेतले की सगळे निष्पाप होते असेही आम्ही म्हणणार नाही. केनियातल्या नैवाशा सरोवराकाठी, कोलंबियात, इक्वेडोरमध्ये गुलाबाचे मोठमोठे मळे आहेत. फुले विमानाने परदेशी जातात आणि खुडणाऱ्या हातांत बहुसंख्य हात बायांचे. आपल्या तळेगावकडचे पॉलिहाऊसमधले गुलाबही परदेशी रवाना होतात. तिथे हातमोजे मिळतात का, फवारणीनंतर किती वेळाने आत पाठवतात, सणासुदीच्या हंगामात किती तास उभे राहावे लागते, हे प्रश्न फूल सुंदर आहे म्हणून गैरलागू होत नाहीत. अमेरिकेतल्या कामकरी स्त्रियांच्या चळवळीतून 1910 च्या सुमारास भाकरीबरोबर गुलाबही मागणारी घोषणा पुढे आली. आम्ही ती सभांतून अनेकदा सांगितली आहे. पण गुलाब मागताना गुलाब खुडणारणीचा विचार आम्ही तरी कधी केला नव्हता.

मग वधूने हाती काय धरावे? आम्ही वाचत गेलो तसे कितीतरी सापडले. ग्रेस केली ही नटी 1956 साली मोनाकोची प्रिन्सेस झाली तेव्हा तिच्या हाती मोत्यांनी सजवलेले प्रार्थनेचे पुस्तक आणि बारीकशी पांढरी फुले होती. कोणी आजीच्या, मावशीच्या जुन्या पिना आणि बिल्ले तारेवर गुंफून गुच्छ करतात. दिसायला छान, पण वजनाने मनगट दुखते. कोणी आईच्या जुन्या लुगड्याच्या काठाची फुले शिवतात. हा प्रकार आम्हाला मनापासून आवडला, कारण त्या काठाला वास येतो तो घरच्या ट्रंकेचा. क्रेप कागदाची फुले मैत्रिणींनी चार संध्याकाळी बसून केली तर उत्तम. तीच बाजारातून विकत आणली तर न्यूयॉर्कची चाळ आठवावी. एकच निशिगंधाची काडी धरणे हे आम्हाला सर्वांत देखणे वाटते, पण नातेवाईक ते पाहून वधूला फुले कमी पडली असे समजतात.

आणि एक वधू अशी की जिने हात रिकामाच ठेवला. 26 एप्रिल 1923. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत लेडी एलिझाबेथ बोज-लायन ही आत शिरताना दाराजवळच्या अज्ञात सैनिकाच्या थडग्याशी थांबली आणि आपला गुच्छ तिने त्यावर ठेवला. तिचा भाऊ फर्गस 1915 साली लोसच्या लढाईत मारला गेला होता. मग ती तशीच, मोकळ्या हातांनी, वेदीकडे गेली. पुढे ती राणी झाली, नंतर राजमाता. तिच्या मागून आलेल्या राजवधू लग्न झाल्यावर गुच्छ तिथे पाठवतात. तिने आधी ठेवला. यातला फरक मोठा आहे.

हे सगळे टिपण घेऊन आम्ही डिसेंबरात पुन्हा वसईला गेलो. मुलीने ते शांतपणे ऐकले. मर्टल, मोती यांच्याशी तिला काही कर्तव्य नव्हते. गव्हाच्या ओंब्यांशी मात्र ती थबकली. म्हणाली, "आपल्याकडे भात आहे." घराच्या माळ्यावर कापणीच्या वेळी बाजूला काढलेली लोंब्यांची जुडी टांगलेली होती. गोव्यात कणसांच्या फेस्ताला नव्या भाताची कणसे देवळात नेऊन आशीर्वाद घेतात, हे तिला ठाऊक होते. तेव्हा भात वेदीपुढे नेण्यात गैर काही नाही, असा तिने स्वतःच निवाडा केला. आजीचे प्रार्थनेचे पुस्तक होते, त्याची शिवण सुटली होती. बापाने घरी बसल्या बसल्या ती दाभणाने शिवली. टाळेबंदीतल्या फिटरचे हात रिकामे होते, त्यांना तीन दिवस काम मिळाले. पुस्तकावर लोंब्या, आणि लोंब्यांत परसातले दोन सोनचाफे. आत्या रुसली. "गरिबी चव्हाट्यावर मांडू नकोस," म्हणाली. घरात दोन दिवस त्यावरून बोलणे बंद होते, आणि ते लग्नाच्या सकाळपर्यंत पुरते मिटले नव्हते हेही सांगितले पाहिजे. सोनचाफा हाताच्या उबेने तपकिरी पडतो; तो वेदीपर्यंत जाता जाता पडलाच. लोंब्या तशाच राहिल्या.

देवळाबाहेर फोटो चालू असताना आम्ही मागे उभे होतो. शेजारी आमच्या पत्नी होत्या. आमचे लग्न युनियनच्या कचेरीत झाले, दोन हार आणि पेढे, खर्च अगदी थोडा. ती हकीकत आम्ही अभिमानाने पुष्कळ ठिकाणी सांगितली आहे. त्या दिवशी त्या सहज म्हणाल्या, "मला शेवंतीची वेणी माळायची होती. तुम्ही साधेपणाचा ठराव करून टाकलात, मला कोणी विचारलेच नाही." तीस वर्षांत पहिल्यांदा. आम्ही मुलीला गुच्छाच्या विरुद्ध भाषण दिले ते घरी कळले होते, म्हणून निघाले असावे. आम्ही परत येताना दादरला उतरलो. वेण्या होत्या, पण अबोलीच्या. शेवंती संपली होती.

चिटणीस घड्याळ दाखवीत आहेत. हा पुष्पगुच्छ दाराशी गजरे विकत बसलेल्या बाईंना दाखवून यातल्या तारा कशा काढाव्यात ते विचारणार आहोत.