हरवलेला बिल्ला आणि पाचातले कोणतेही दोन
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

व्यासपीठावरचे आदरणीय गुरुजन, आणि इतक्या वर्षांनंतरही आपापल्या जुन्या बाकांवरच जाऊन बसलेले माझे वर्गमित्र आणि मैत्रिणी,

पुढच्या वर्षीच्या खेळाची माहिती द्यायला संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत. माहिती देतेच. पण त्याआधी मागच्या खेळाचा हिशेब द्यायचा राहिला आहे, तो पुरा करते.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. या खेळाला जिओकॅशिंग म्हणतात. कुणीतरी एक डबा लपवतो, त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो आणि बाकीचे जीपीएसच्या मदतीने तो शोधतात. डब्यातल्या वहीत सही करायची आणि डबा होता तिथे परत ठेवायचा. २ मे २००० रोजी अमेरिकी सरकारने जीपीएसच्या संदेशांत मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली. त्याआधी सामान्य माणसाचं यंत्र शंभर मीटरपर्यंत चुकायचं. दुसऱ्याच दिवशी डेव्ह उल्मर नावाच्या गृहस्थाने ओरेगॉन राज्यातल्या झाडीत एक बादली ठेवली आणि तिची जागा इंटरनेटवर जाहीर केली. खेळ तिथून सुरू झाला.

या खेळात प्रवासी वस्तूही असतात. सैनिकांच्या गळ्यात असतो तसा धातूचा बिल्ला, त्यावर एक क्रमांक. तो एखाद्या खेळण्याला अडकवून डब्यात ठेवतात. ज्याला सापडेल त्याने तो पुढच्या डब्यात न्यायचा आणि तशी नोंद करायची. बिल्ला हातात आल्याशिवाय क्रमांक कळत नाही, म्हणून क्रमांक हाच पुरावा.

चार वर्षांपूर्वी मी यावरूनच आपल्या तुकडीसाठी एक कोडं रचलं. तळेगावात भांड्यांवर नावं घालणाऱ्याकडून स्टीलचा एक बिल्ला कोरून घेतला. तो सहा जणांच्या हातून फिरणार होता. प्रत्येकाने आपल्या गावी त्याचा फोटो काढायचा, माझ्याकडून एक अंक घ्यायचा आणि बिल्ला पुढे पाठवायचा. सहा अंक जमले की इथल्या डब्याची जागा कळणार. अक्षांशातल्या एका मिनिटाचा हजारावा भाग म्हणजे जमिनीवर दोन मीटरही नाही. त्यामुळे मिनिटानंतरचे तीन अंक अक्षांशाचे आणि तीन रेखांशाचे एवढेच लपवले तरी पुरतं.

बिल्ला पुण्याला गेला, बंगळुरूला गेला, दुबईला गेला आणि चौथ्या हातात थांबला. ती आपली मैत्रीण. तेव्हा तिच्या सासूबाई आजारी होत्या, त्यातच घर बदलावं लागलं आणि सामानात बिल्ला कुठेतरी गेला. ग्रुपवर आधी गंमत सुरू झाली. मग "बिल्लाचोर" असं नाव पडलं. ते कुणी वाईट हेतूने ठेवलं नव्हतं, पण एके दिवशी ती ग्रुपमधून निघून गेली. पुढचे दोन मेळावे आलीही नाही. मी सगळं वाचत होते आणि गप्प होते.

हे मी तिला विचारूनच सांगते आहे. आज ती आली आहे.

त्या कोड्यात चूक तिची नव्हती, माझी होती. पोटापाण्यासाठी मी सॉफ्टवेअर लिहिते. एक सर्व्हर बंद पडला म्हणून सगळं काम ठप्प झालं, तर आम्ही सर्व्हरला दोष देत नाही. आखणी करणाऱ्याला विचारतो, बाई, दुसरा का ठेवला नाहीस? ऑफिसात रोज विचारते तो प्रश्न मी मैत्रिणींच्या खेळात विचारला नाही.

खरं तर हे मला ऑफिसात जायच्या कितीतरी आधी कळायला हवं होतं. आमचे अण्णा मुंबईला डबे पोचवायचे. इथे बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांचे वडील, काका, मामा त्याच धंद्यात होते. १८९० मध्ये महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेलं ते काम मावळ, मुळशी, खेड, जुन्नरच्या माणसांनीच चालवलं. डब्याच्या झाकणावर रंगाने लिहिलेली दोन-चार अक्षरं-आकडे. डबा कुठून आला, कुठल्या स्टेशनवर उतरवायचा, कुठली इमारत, कितवा मजला, सगळं त्यात. घरून उचलणारा वेगळा, गाडीतून नेणारा वेगळा, टेबलावर ठेवणारा वेगळा. रिकामा डबा संध्याकाळी त्याच वाटेने घरी परत.

लहानपणी मी अण्णांना विचारलं होतं, "तुम्ही आजारी पडलात तर?" ते म्हणाले, "टोळीत जास्तीची माणसं असतात. तीही कमी पडली तर मुकादम स्वतः उचलतो." माणूस आजारी पडणार, हे धरूनच त्यांनी काम बांधलं होतं. त्यामुळे आजारी पडलेल्याला कुणी बोल लावत नसे.

नवीन कोडं मी तसंच बांधलं आहे. आता बिल्ले पाच आहेत आणि पाचातले कोणतेही दोन पुरतात. तीन हरवले तरी डबा सापडेल. अदी शमीर या गणितज्ञाने १९७९ मध्ये मांडलेली ही युक्ती. पण तिच्यापुरतं गणित आपल्या बाईंनी नववी-दहावीतच आलेख कागदावर शिकवलं आहे. दोन बिंदूंतून एकच सरळ रेषा जाते, आणि एका बिंदूतून हव्या तितक्या.

समजा लपवायचा आकडा ४१२ आहे. मी मनात ३७ धरते आणि तो एकेकदा मिळवत जाते. पहिल्या बिल्ल्यावर ४४९, दुसऱ्यावर ४८६, तिसऱ्यावर ५२३, चौथ्यावर ५६०, पाचव्यावर ५९७. तुमच्याकडे दुसरा आणि पाचवा आहे. फरक १११, पायऱ्या तीन, म्हणजे एका पायरीला ३७. दुसऱ्यापासून दोन पायऱ्या मागे या: ४८६ वजा ७४, आले ४१२. (मागून कुणीतरी लिहून घेतंय. हे आकडे उदाहरणापुरते आहेत!) खऱ्या बिल्ल्यावर दोन आकडे असतील, एक अक्षांशाचा, एक रेखांशाचा. एकट्या बिल्ल्यावरून जागा सांगता येणार नाही. निदान एका वर्गमित्राला फोन करावाच लागेल. कोड्याचा हेतूही तोच आहे.

आता नियम. आकडे ग्रुपवर टाकायचे नाहीत. बिल्ला महिनाभर ठेवायचा, मग पुढे द्यायचा, शक्यतो हातोहात, भेटून. हरवला तर "हरवला" एवढा एकच शब्द कळवायचा. कारण कुणी विचारायचं नाही.

डबा कुठे आहे हे सांगणार नाही, पण कुठे नाही ते सांगते. लोहगड, विसापूर, कार्ले, भाजे इथे नाही. त्या संरक्षित वास्तू आहेत, तिथे आपली वस्तू ठेवू नये. देहूरोडच्या लष्करी भागाजवळ नाही. बेवारस डबा पाहून जवानांची धावपळ व्हायला नको. इंद्रायणीच्या काठाला नाही, कारण पावसाळ्यात तो आळंदीला निघून जाईल. पुरलेला नाही, खणू नका. जागामालकाची परवानगी घेतली आहे. डब्यावर मराठीत "हा खेळाचा डबा आहे" असं लिहिलं आहे. आत वही आणि पेन्सिल आहे, पेन नाही. मावळच्या पावसात शाई टिकत नाही, शिसं टिकतं. खाऊ ठेवलेला नाही, नाहीतर आपल्याआधी उंदीर सही करतील. आणि फोन पाच-सहा मीटर चुकतो, झाडाखाली आणखी जास्त. तेव्हा शेवटची पावलं डोळे उघडे ठेवूनच टाका.

चार बिल्ले कुणाकडे जाणार ते ठरलं आहे. पाचवा मी सकाळी त्या मैत्रिणीच्या हातात ठेवला. ती म्हणाली, "अगं, परत हरवला तर?"

मी म्हटलं, "मग चार उरतील. तू येत जा."

तिने बिल्ला पर्समध्ये टाकला आहे. सर्वांसमोर तिची माफी मागते आणि थांबते.