रक्तगट आणि श्वासाचे आजार



कोरोना आल्यापासून वस्तीवस्तीत आम्हां आरोग्य कार्यकर्त्यांच्या कानावर एक बोलणे येते, "माझा ओ गट, मला काही होत नाही." ए गटवाले मात्र उगाच धास्तावतात. हे कितपत खरे, ते आज पाहू.

रक्तगट कार्ल लँडस्टायनर यांनी व्हिएन्ना येथे शोधले. १९०१ साली ते प्रसिद्ध झाले. २०२० मध्ये वुहानच्या एका रुग्णालयातील १,७७५ कोरोना रुग्णांचे गट तपासले गेले. तेथील सर्वसाधारण लोकांत ए गट सुमारे ३२ टक्के होता, रुग्णांत ३८. ओ गट लोकांत ३४ टक्के, रुग्णांत २६. फरक दिसला, नाही असे नाही. पण अहो, २६ टक्के म्हणजे दर चार रुग्णांत एक ओ गटाचाच की! पुढे २०२१ मध्ये अमेरिकेतील युटा भागात एक लाखाहून अधिक लोकांच्या नोंदी पाहिल्या, तेव्हा असा संबंध आढळलाच नाही.

उतारवय, मधुमेह, कोंदट खोली, न घेतलेली लस यांचा धोका रक्तगटाहून फार मोठा आहे. म्हणून खोकला-ताप आल्यास तोंडावर मास्क लावा, खिडक्या उघडा. घरातल्या वृद्धांना फ्लूच्या लसीबद्दल डॉक्टरांना विचारायला सांगा. दम लागला तर गट विचारत बसू नका, तडक दवाखाना गाठा.

रक्तगटाचे कार्ड जरूर जपा, पण ते रक्तदानासाठी. ते काही आजाराविरुद्धचे कवच नव्हे.

जयभीम!