सैलानीच्या गर्दीत फोन का लागत नाही?



सैलानीबाबांच्या यात्रेबद्दल बुलडाणा जिल्ह्यात कुणाला नव्यानं सांगायला नको. पिंपळगाव सराईजवळ नारळांची होळी पेटते, पुढं संदल निघतो आणि एरवी बेताची वर्दळ असलेल्या त्या जागी लाखो लोक दाटतात.

काही वर्षांपूर्वी याच गर्दीत माझी अम्मी हरवली. वय पंचाहत्तरच्या पुढं, साखरेचा आजार, आणि गोळ्यांची पिशवी माझ्या खांद्याला. फोन दोघांकडेही होते. माझ्या फोनवर सिग्नलच्या दांड्या पूर्ण दिसत होत्या, पण फोन काही लागेना. तासभर मी नुसता बटणं दाबत होतो. शेवटी भोंग्यावरून तिचं नाव पुकारलं, तेव्हा बांगड्यांच्या दुकानाशी घाम पुसत बसलेली सापडली.

मी कविता लिहिणारा बी. ए. माणूस. हे कोडं सुटेना, म्हणून टॉवरच्या दुरुस्तीचं काम करणाऱ्या एका मुलाला गाठलं. तो म्हणाला, "चाचा, दांड्या म्हणजे टॉवरचा आवाज तुमच्यापर्यंत येतो, एवढंच. तुमचं ऐकायला त्याला फुरसत आहे का, ते दांड्या सांगत नाहीत."

भोंगा एकच गोष्ट हजारांना ऐकवतो. फोनला मात्र प्रत्येकासाठी वेगळी जागा लागते, आणि टॉवरजवळच्या लहरी मोजक्याच. यावर उपाय आहे तो 'स्मॉल सेल'चा. दिव्याच्या खांबावर बसेल एवढी पेटी. तिची हाक साधारण काही दहा मीटरपासून काहीशे मीटरपर्यंत. हाक छोटी, म्हणून त्याच लहरी थोड्या अंतरावर पुन्हा वापरता येतात. भीती वाटणाऱ्यांसाठी सांगतो, या पेटीची ताकद मोठ्या टॉवरपेक्षा पुष्कळ कमी असते.

मग लावा की पेट्या! मीही तसंच म्हणालो. तो मुलगा हसला. पेटी हलकी, पण तिच्यामागचं लटांबर जड. तिला चोवीस तास वीज हवी; रस्त्यावरच्या दिव्यांची लाइन बऱ्याच ठिकाणी संध्याकाळी सुरू होते आणि सकाळी बंद. मोठ्या टॉवरखाली बॅटऱ्या असतात, जनरेटर असतो. खांबावर ते कुठं टांगणार? शिवाय पेटीतलं बोलणं पुढं न्यायला फायबरची तार हवी, आणि रस्ता रुंद करणारा जेसीबी ती कधी तोडेल याचा नेम नाही. तारेशिवाय न्यायचं तर समोरचा टॉवर सरळ नजरेत हवा, मध्ये टेकडी चालत नाही. खांब वारा आणि वजन पेलेल का, हे तपासावं लागतं. पेट्या फार जवळ बसवल्या तर एकमेकींच्या बोलण्यात अडथळा आणतात. एवढं करून ऐन यात्रेत पेटी बिघडली, तर त्या गर्दीतून शिडी न्यायची कशी?

आणि खांब कुणाचा? ग्रामपंचायतीचा, वीज कंपनीचा, की बांधकाम खात्याचा? परवानगीची ही अडचण सरकारलाही ठाऊक होती. ऑगस्ट 2022 मध्ये केंद्रानं नियम बदलून अशा खांबांचं भाडं ग्रामीण भागात वर्षाला 150 रुपये आणि शहरात 300 रुपये ठरवलं. त्याच वर्षी दूरसंचार नियामक प्राधिकरणानं, म्हणजे ट्रायनं, भोपाळ शहर, दिल्लीचा विमानतळ, कांडल्याचं बंदर आणि बेंगळुरूची मेट्रो इथल्या चाचण्यांवरून शिफारशी केल्या. चारही जागा बाराही महिने गजबजलेल्या. यात्रा थोड्या दिवसांची. उरलेलं वर्ष त्या पेट्यांनी कुणाशी बोलायचं? म्हणून अशा गर्दीसाठी गाडीवरचा फिरता टॉवर आणून उभा करतात. त्यालाही वीज लागते, पुढची वाट लागते आणि उभं राहायला जागा लागते. यात्रेत जागा मिळवणं म्हणजे काय, ते पाळणेवाल्याला विचारा.

हे सगळं मी घरी येऊन अम्मीला समजावलं. पुढच्या यात्रेला निघताना तिनं विचारलं, "बेटा, लागल्या का तुझ्या त्या पेट्या?"

"नाही अजून."

"मग भोंगेवाला कुठं बसतो, ते आधी दाखवून ठेव. अन् गोळ्या माझ्याकडं दे."