भिंतीवरचे मुंडके

राजवाड्यात भिंतीवर वाघाचे मुंडके टांगलेले असे. पाहुणे म्हणत, "वा, काय मर्दुमकी!" पण मर्दुमकी कसली? बंदूक एकाच्याच हाती!

आजच्या छत्तीसगडातल्या कोरियाच्या राजाने १९४७ साली एका रात्रीत तीन चित्ते मारले. पोटासाठी नव्हे, पीक राखायला नव्हे. नुसती हौस! आपल्या देशातले ते शेवटचे चित्ते मानले जातात. १९५२ साली सरकारने जाहीर केले, की देशात चित्ता उरला नाही.

पुढे २०२२ साली आफ्रिकेतल्या नामिबियातून आठ चित्ते आणले. मध्ये सत्तर वर्षे गेली. आणि हे तर पाहुणे. आपले गेले ते गेलेच.

शेतकरी उपाशी राहील, पण बियाणे दळून खाणार नाही. मग हौसेपायी रानाचे बियाणे का संपवावे?